सागरी सांगाडे आणि विकरे : लोणारच्या क्षारांपासून मालवणच्या प्रवाळांपर्यंत

बुलढाणा जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही, आणि प्रवाळ, शंख किंवा स्पंज यांचा अभ्यास करणारा संशोधक सहसा येथून सुरुवात करणार नाही. तरीही सागरी प्राण्यांच्या सांगाड्यांत विकरांचा वाटा नेमका किती, ही चर्चा जेथे घोटाळते तेथे हा जिल्हा उपयोगी पडतो. कारण शिंपला, प्रवाळ आणि चुनखडी यांचे समान द्रव्य असलेले कॅल्शियम कार्बोनेट कोणत्याही प्राण्याच्या मदतीशिवाय कसे साचते, याची दोन ठळक उदाहरणे येथे आहेत : दक्षिणेला लोणारचे सरोवर आणि उत्तरेला पूर्णेच्या खोऱ्यातील काळी जमीन. खनिज आपोआप तयार होऊ शकते हे एकदा मान्य केले की मग विकराने काय केले हा प्रश्न अधिक काटेकोरपणे विचारता येतो, आणि या विषयातील गेल्या शतकभराच्या संशोधनाचे मोलही त्याच कसोटीवर जोखता येते.

लोणारचे विवर बेसाल्ट खडकात उल्कापाताने तयार झाले, हे १९७३ साली फ्रेडरिक्सन आणि सहकाऱ्यांनी आघाताने काचरूप झालेल्या खनिजांच्या आधारे प्रस्थापित केले. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या या विवरात धार, सीता न्हाणी यांसारख्या झऱ्यांचे गोडे पाणी उतरते, परंतु बाहेर वाहून जाण्यास त्याला वाट नाही. ते केवळ बाष्पीभवनाने कमी होते. बेसाल्टच्या झिजेतून आलेले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम पाणी आटू लागताच कार्बोनेटच्या रूपाने तळाशी बसतात, आणि मागे उरते ते सोडियम, क्लोराइड व कार्बोनेट यांनी भरलेले, सुमारे १० सामू असलेले अल्कधर्मी पाणी. सामू म्हणजे आम्लता किंवा अल्कता दाखवणारा अंक. ७ हा उदासीन आणि त्यावरचा प्रत्येक पूर्णांक दसपट अल्कता सुचवतो. याच पाण्यातून निघणाऱ्या क्षारांची कीर्ती जुनी आहे, आणि काच व साबण यांना लागणारे द्रव्य येथे मिळते अशी नोंद ‘आईने-अकबरी’तही आढळते. सरोवराच्या तळातील गाळाच्या अभ्यासात गेलुसाइट या सोडियम-कॅल्शियम कार्बोनेटचे स्फटिक सापडले असून, त्यांवरून सुमारे ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वीचा आणि २,००० ते ६०० वर्षांपूर्वीचा असे दीर्घ अवर्षणाचे दोन कालखंड ओळखले गेले आहेत. पाण्यातील निळ्या-हिरव्या जीवाणूंचा या साचण्याला हातभार लागत असेल, तरी खनिजाला आकार देणारा, त्याची जागा ठरवणारा असा येथे कोणी नाही.

पूर्णेच्या खोऱ्यात हीच क्रिया जमिनीत घडते. शेगाव, नांदुरा, संग्रामपूर, जळगाव जामोद या भागांतील काळ्या मातीत चुनखडीचे खडे बनत जातात. त्यांत कॅल्शियम अडकून पडते आणि मातीतील सोडियमचे सापेक्ष प्रमाण वाढून जमीन चोपण होते. या खारपाण पट्ट्यातील शेतकऱ्याला परिचित असलेली ही आपत्ती रसायनशास्त्राच्या दृष्टीने लोणारच्या पाण्याची सख्खी बहीण आहे.

समुद्राची स्थिती याच्या जवळजवळ उलट आहे. समुद्राच्या एक किलोग्रॅम पाण्यात सुमारे ४०० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, म्हणजे कॅल्शियमची वाण नाही, पण ८.१ च्या आसपास सामू असलेल्या या पाण्यात विरघळलेल्या अकार्बनी कार्बनाचा सुमारे नव्वद टक्के भाग बायकार्बोनेटच्या रूपात असतो आणि खनिजाला प्रत्यक्ष लागणारे कार्बोनेट थोडेच असते. उष्ण कटिबंधातील पृष्ठजल तरीही अतिसंपृक्त असते, म्हणजे त्यात कॅल्शियम कार्बोनेट साचावयास तत्त्वतः हरकत नसते. ते सहसा साचत नाही, कारण मॅग्नेशियम, फॉस्फेट आणि सेंद्रिय द्रव्ये स्फटिकांची वाढ अडवून धरतात. म्हणून सागरी प्राण्यापुढील काम दुहेरी आहे : स्वतःच्या शरीरात एका बंदिस्त जागी हा अडसर दूर करावयाचा आणि इतरत्र तो तसाच राहू द्यावयाचा.

या कामात विकरे कोठे येतात, हे पाहण्यापूर्वी विकराची मर्यादा लक्षात ठेवली पाहिजे. विकर, अर्थात एन्झाइम, हे बहुधा प्रथिन असते. ते रासायनिक क्रिया वेगाने घडवून आणते, स्वतः खर्ची पडत नाही, पण क्रियेचा अंतिम समतोल बदलू शकत नाही. जे साचूच शकत नाही ते विकर साचवू शकत नाही. सांगाड्यांवरील लोकप्रिय लेखनात आणि कधीकधी शोधनिबंधांतही ही मर्यादा विसरली जाते, आणि ‘अमुक विकर सांगाडा घडवते’ अशी वाक्ये सैलपणे लिहिली जातात.

सर्वांत अधिक अभ्यास झाला आहे तो कार्बोनिक ॲनहायड्रेज या जस्तयुक्त विकराचा. १९३३ साली मेल्ड्रम आणि रफ्टन यांनी ते रक्तातून वेगळे केले. कार्बन डायऑक्साइड आणि पाणी यांपासून बायकार्बोनेट व हायड्रोजन आयन तयार होण्याची, तसेच उलट दिशेची, क्रिया हे विकर वेगवान करते. एरवी या क्रियेला काही सेकंद ते काही दहा सेकंद लागतात, तर या विकराचा एक कार्यक्षम रेणू सेकंदाला सुमारे १० लाख रेणूंचे रूपांतर करू शकतो. सेकंदांचा हा फरक क्षुल्लक वाटेल. पण ज्या द्रवात कार्बन डायऑक्साइड शिरते त्याचा थर अतिशय पातळ असेल, तर काही सेकंदांच्या विलंबात तो वायू बायकार्बोनेट न होता परत निसटून जातो.

प्रवाळांतील कॅल्शियम साचण्याचे मोजमाप किरणोत्सारी कॅल्शियमच्या साहाय्याने करून थॉमस गोरो यांनी १९५९ साली जमैकातील प्रवाळांवरचे निष्कर्ष मांडले. प्रकाशात साचण्याचा वेग वाढतो आणि कार्बोनिक ॲनहायड्रेजला रोखणारे औषध दिल्यास तो घटतो, हे त्यांनी दाखवले. या प्रयोगाचा प्रभाव दीर्घकाळ टिकला. पण त्यात एक फट आहे. प्रवाळाच्या ऊतींत सहजीवी शैवले राहतात आणि त्यांनाही प्रकाशसंश्लेषणासाठी कार्बन मिळवून देण्यात हेच विकर कामी येते. औषधाने सांगाडा मंदावला तो सांगाडा घडवणाऱ्या पेशींतील विकर थांबल्यामुळे, की शैवलांकडून येणारी ऊर्जा आटल्यामुळे, हे केवळ अशा प्रयोगातून ठरत नाही. निर्णायक पुरावा यावयास जवळजवळ पन्नास वर्षे लागली. स्टायलोफोरा पिस्टिलाटा या प्रवाळात सांगाड्याला लागून असलेल्या पेशीथरातच कार्बोनिक ॲनहायड्रेजचा एक स्रवणारा प्रकार तयार होतो, हे मोया आणि सहकाऱ्यांनी २००८ साली दाखवले. त्याच प्रवाळात सांगाड्यातील कार्बनाचा सुमारे ७० ते ७५ टक्के भाग थेट समुद्रातून न येता प्राण्याच्या स्वतःच्या श्वसनातून येतो, असे २००० सालच्या मोजमापांतून आधीच दिसले होते. त्यामुळे पेशींत निर्माण होणारा वायू लगेच बायकार्बोनेटमध्ये बदलणारे विकर तेथे असणे सुसंगत ठरते.

परंतु प्रवाळातील खरा कळीचा घटक बहुधा दुसरेच विकर आहे. कॅल्शियम आणि बायकार्बोनेट यांतून कॅल्शियम कार्बोनेट साचते तेव्हा हायड्रोजन आयन सुटतात. ते तेथेच राहिले तर द्रव आम्लधर्मी होऊन क्रिया थांबते. कॅल्शियम-एटीपेज हे पेशीपटलातील विकर एटीपी या ऊर्जावाहक रेणूचे विघटन करून एक कॅल्शियम आयन साचण्याच्या जागेत ढकलते आणि बदल्यात दोन हायड्रोजन आयन बाहेर काढते. येथे केवळ वेगाचा प्रश्न राहत नाही. ऊर्जा खर्च करून समतोलच हलवला जातो. जिवंत प्रवाळांत सूक्ष्म विद्युदग्रांनी व रंगदर्शकांनी केलेल्या मोजमापांत पेशीथराखालील द्रवाचा सामू सभोवतालच्या पाण्यापेक्षा सुमारे अर्ध्या अंकाने किंवा त्याहूनही अधिक, काही वेळा ९ च्या पुढे, गेलेला आढळतो. म्हणजे प्रवाळ आपल्या कातडीखाली लोणारच्या दिशेने जाणारे, पण कॅल्शियम न गमावलेले पाणी तयार करतो. मालवणजवळ सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात १९८७ साली सागरी अभयारण्य घोषित झाले, तेथील प्रवाळ गढूळ आणि पावसाळ्यात गोड्या पाण्याचा मारा सोसणाऱ्या परिस्थितीत हा खर्च पेलतात. प्रकाश कमी असताना ऊर्जेचा हिशेब कसा जुळतो, हा प्रश्न स्वच्छ पाण्यातील प्रवाळांवरील अभ्यासांतून सुटत नाही.

मृदुकाय प्राण्यांत, म्हणजे शिंपले, कालवे, शंख यांत, चित्र अधिक गुंतागुंतीचे आहे. त्यांचे कवच प्रावार नावाच्या मांसल पडद्यातून स्रवलेल्या प्रथिने-कायटिनच्या चौकटीवर उभे राहते. वजनाने ही चौकट कवचाच्या काही टक्क्यांहून अधिक नसते, आणि गोव्याच्या जुन्या घरांत खिडक्यांना काचेऐवजी बसवलेल्या शिंपल्यात तर ती सुमारे एक टक्काच असते. १९९६ साली जपानमधील मियामोतो आणि सहकाऱ्यांनी मोत्याच्या कालवातून नॅक्रीन हे प्रथिन वर्णिले. त्याच्या रचनेत कार्बोनिक ॲनहायड्रेजचा भाग आहे. पण त्या भागात एकाच अमिनो आम्लक्रमाची पुनरावृत्ती असलेला लांब तुकडा घुसलेला आहे. पुढील प्रयोगांत हेच प्रथिन कॅल्शियम कार्बोनेटचे साचणे रोखूही शकते असे दिसले. एकाच रेणूने क्रियेला गती द्यावी आणि तिला लगामही घालावा, ही गोष्ट या क्षेत्रातील सर्वांत बोधक ठरते. कवचाला चुन्याचा ढीग नको असतो; ठरावीक जाडीच्या चकत्या हव्या असतात.

चौकट घडवणाऱ्या विकरांकडे तुलनेने कमी लक्ष गेले, आणि ते अन्यायाचे आहे. कायटिन हा साखरेच्या घटकांचा ताठ बहुवारिक कायटिन सिंथेज या विकराने विणला जातो. वाइस आणि सहकाऱ्यांनी २००६ साली दाखवले की सागरी शिंपल्यांतील या विकराला मायोसिनसदृश, म्हणजे पेशीतील हालचालीशी निगडित प्रथिनाचा, भाग जोडलेला असतो. म्हणजे पेशीचा सांगाडा आणि बाहेरचे कवच यांत यांत्रिक दुवा असण्याची शक्यता आहे. हे विकर रोखणारे प्रतिजैविक दिल्यास शिंपल्यांच्या अळ्यांची कवचे सदोष बनतात. कवचाच्या सर्वांत बाहेरील तपकिरी आवरणाला टायरोसिनेज हे विकर कडक करते. चिरलेले वांगे हवेत काळे पडते ते याच कुळातील विकरांमुळे. खेकड्यांत कात टाकण्यापूर्वी कायटिनेज जुने कवच आतून पोखरते, कात टाकल्यावर नव्या मऊ कवचात पाण्यातून कॅल्शियम ओढले जाते आणि त्या काळात कवचाखालील पेशींत कार्बोनिक ॲनहायड्रेजचे काम वाढते. पैनगंगा-पूर्णेसारख्या नद्यांतील गोड्या पाण्याचे शिंपले सागरी भावंडांसारखीच विकरे वापरतात. मात्र त्यांच्या पाण्यात कॅल्शियम समुद्राच्या तुलनेत बरेच कमी असते आणि ते मिळवण्यावर अधिक ऊर्जा जाते. तुलनात्मक अभ्यासासाठी हा उत्तम नमुना असूनही त्याकडे दुर्लक्ष झाले आहे.

कंटकचर्मी प्राण्यांमधील समुद्री साळिंदराच्या अळीत सांगाड्याचा प्रत्येक काटा एका पेशीसमूहाने वेढलेल्या पोकळीत वाढतो आणि तेथे प्रथम स्फटिकरहित, अस्थिर कॅल्शियम कार्बोनेट साचून नंतर त्याचे कॅल्साइट होते. १९९८ साली इंगरसॉल आणि विल्ट यांनी दाखवले की प्रथिने तोडणाऱ्या मेटॅलोप्रोटिनेज विकरांना रोखले तर काट्याची वाढ बिघडते. खनिजाशी थेट संबंध नसलेले, केवळ चौकटीची डागडुजी करणारे विकरही सांगाड्याला अपरिहार्य असते, हे यातून स्पष्ट झाले. अस्थिमत्स्यांतही विकराचे कार्य अडथळा काढण्याचे आहे : रॉबर्ट रॉबिसन यांनी १९२३ साली हाडांतील फॉस्फेटेजचे महत्त्व मांडले, आणि पुढे लक्षात आले की हे विकर पायरोफॉस्फेट या स्फटिकरोधक रेणूचे विघटन करून हाडातील कॅल्शियम फॉस्फेटला वाट मोकळी करते. माणसात हे विकर जन्मतः सदोष असल्यास हाडे मऊ राहतात, त्यामुळे येथील पुरावा प्रवाळांपेक्षा कितीतरी पक्का आहे.

विकराने सांगाडा प्रत्यक्ष घडवला, असा सर्वांत मोठा दावा स्पंजांबाबत झाला. अनेक स्पंजांचा सांगाडा सिलिकाच्या, म्हणजे काचेच्याच मुख्य घटकाच्या, सुयांचा असतो. या सुयांना कंटिका म्हणतात. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील टेथिया ऑरँशिया या स्पंजाच्या कोरड्या वजनाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग अशा कंटिकांचा असतो. १९९८ साली डॅनियल मॉर्स यांच्या गटाने प्रत्येक कंटिकेच्या मध्यभागी असलेल्या धाग्यातून सिलिकेटिन ही प्रथिने वेगळी केली. ती कॅथेप्सिन या पाचक विकरांची नातलग निघाली, आणि सामान्य तापमानाला व उदासीन पाण्यात त्यांनी सिलिकाच्या सेंद्रिय संयुगापासून सिलिका तयार करून दाखवली. तंत्रज्ञांना याचे मोठे आकर्षण वाटले, कारण कारखान्यात यासाठी तीव्र आम्ल, अल्कली किंवा उष्णता लागते.

या दाव्याची छाननी मात्र सावकाश झाली. प्रयोगनळीत वापरलेले द्रव्य स्पंजाच्या शरीरात नसते. तेथे असते ते सिलिसिक आम्ल, आणि संहत द्रावात त्याचे रेणू आपोआप एकमेकांना जोडले जाऊ शकतात. समुद्राच्या पृष्ठजलात हे आम्ल साचण्यास लागणाऱ्या प्रमाणापेक्षा शंभराहून अधिक पटींनी विरळ असते. ही तूट कोणतेही विकर भरून काढू शकत नाही, ती पेशींतील वाहक प्रथिने ऊर्जा खर्चून भरतात. शिवाय काचस्पंजांत, ज्यांच्यात मोनोऱ्हाफिस चुनी या जातीची एकच कंटिका ३ मीटरपर्यंत लांब वाढते, हेच विकर कार्य करते असे ठामपणे म्हणता येत नाही. २०१५ साली जपानी संशोधकांनी एका काचस्पंजातून ग्लासिन हे निराळेच, हिस्टिडीनने समृद्ध प्रथिन वर्णिले. म्हणून सिलिकेटिनला कंटिकेचा साचा आणि प्रारंभक मानणे योग्य. त्याला एकमेव कारागीर ठरवणे पुराव्याच्या पुढे जाणे होईल.

या विकरांची वंशावळ पाहिली तर सांगाड्यांच्या उत्क्रांतीवरही प्रकाश पडतो. ऑस्ट्रेलियातील अ‍ॅस्ट्रोस्क्लेरा विलेयाना या चुनखडीयुक्त स्पंजाच्या अभ्यासातून २००७ साली जॅक्सन आणि सहकाऱ्यांनी असे सुचवले की सर्व प्राण्यांच्या समान पूर्वजाकडेच कार्बोनिक ॲनहायड्रेजचे एक जनुक होते आणि निरनिराळ्या कुळांनी ते पुढे स्वतंत्रपणे सांगाड्याच्या कामी लावले. सांगाडे अनेक वेळा नव्याने उद्भवले, हत्यार मात्र जुनेच होते. श्वसन आणि आम्ल-अल्क समतोल राखणारे विकर हाताशी असणे, ही सांगाड्याची पूर्वअट असावी.

हवेतील वाढत्या कार्बन डायऑक्साइडमुळे औद्योगिक काळापासून समुद्राच्या पृष्ठजलाचा सामू सुमारे ०.१ ने घसरला आहे, आणि त्याबाबत अनेकदा विचारले जाते की विकरे प्राण्यांना वाचवतील काय. अरबी समुद्राच्या कोकण-गोवा किनाऱ्यावर पावसाळ्याच्या उत्तरार्धात खोलातून वर येणारे पाणी प्राणवायूने दरिद्री आणि कार्बन डायऑक्साइडने संपन्न असते. त्यामुळे येथील शिंपल्यांना व प्रवाळांना हा ताण दरवर्षी काही आठवडे भोगावा लागतो. पाण्यात कार्बन डायऑक्साइड वाढले तरी कार्बोनेट घटते, आणि कार्बोनिक ॲनहायड्रेज हा समतोल बदलू शकत नाही. ताण झेलते ते आयन उपसणारे एटीपेज, आणि त्याचे मोल प्राणी अन्नातून चुकवतो. उपाशी प्रवाळ आम्लतेला आधी बळी पडतात, या निरीक्षणाचा अर्थ येथेच सापडतो. गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने या पाण्याच्या रसायनाची नोंद दशकानुदशके ठेवली आहे. तिच्या जोडीला स्थानिक कालवे आणि प्रवाळ यांतील या दोन विकरांची ऋतुनिहाय मोजमापे व्हावयास हवीत, कारण आजवरचे बहुतेक निष्कर्ष भूमध्य समुद्र, तांबडा समुद्र, जपान आणि कॅरिबियन येथील मोजक्या जातींवर उभे आहेत.

सागरी प्राण्यांकडून घेतलेल्या या रसायनाचा वापर करून धुरांड्यातील कार्बन डायऑक्साइड खनिजरूपाने बंदिस्त करावा, अशी कल्पना गेल्या दोन दशकांत पुढे आली आणि नागपूरच्या नीरी या संस्थेतही स्थिर केलेल्या कार्बोनिक ॲनहायड्रेजवर प्रयोग झाले. प्रयोगशाळेत विकर आपले काम चोख करते. अडचण आहे ती कॅल्शियमची. ते चुनखडी भाजून मिळवले तर जितका वायू अडकवावयाचा तितकाच भट्टीतून सुटतो. ते सिलिकेट खडकातून मिळाले तरच हिशेब जमतो, आणि असा खडक, म्हणजे बेसाल्ट, दख्खनच्या पठारावर विपुल आहे. आइसलँडमधील कार्बफिक्स प्रकल्पात कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळवून बेसाल्टमध्ये सोडले गेले, आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्याचा ९५ टक्क्यांहून अधिक भाग दोन वर्षांच्या आत कार्बोनेट खनिज झाला. त्या प्रक्रियेत कोणतेही विकर मिसळलेले नव्हते.